फिगर स्केटिंगचा खर्च घराला कसा झेपवायचा: न्यू जर्सीतल्या एका आईची वही

आमच्या मंडळाच्या संक्रांतीला दर वर्षी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "स्केटिंगला महिन्याला किती जातात हो?" मला उत्तर देता येत नाही, कारण तबल्याच्या क्लाससारखी इथे महिन्याची फी नसते. बर्फावर उतरायचे पैसे रिंकला, शिकवण्याचे कोचला, धार लावायचे तिसऱ्याला, स्पर्धेचे चौथ्याला. एकत्र बिल कुणीच देत नाही, म्हणून बेरीजही कुणी करत नाही. आम्ही पहिली दोन वर्षं केली नव्हती. तिसऱ्या वर्षी टॅक्सच्या कागदांसाठी नवऱ्याने क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट काढली तेव्हा ती आपोआप झाली. त्या रात्री जेवताना आमच्या घरी कुणी फार बोललं नाही.

पुढचं सगळं त्या रात्रीनंतर शिकलेलं. नियम अमेरिकेतले आहेत. कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये असाल तर संस्थांची नावं आणि दर बदलतील, पण पैसे गळायच्या जागा फारशा बदलणार नाहीत.

पायरी १: वही १ जुलैला उघडा

यू.एस. फिगर स्केटिंग या राष्ट्रीय संस्थेचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. सभासदत्वही त्याच हिशोबाने नव्याने भरायचं. त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर असा हिशोब ठेवलात तर एक सीझन दोन वर्षांत तुटतो आणि खरा आकडा दिसतच नाही.

समजा नऊ-दहा वर्षांची मुलगी आहे, 'लर्न टू स्केट'चे गटवर्ग संपवून सुरुवातीच्या स्पर्धा खेळते. हिशोब कळावा म्हणून गोल आकडे घेते. तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

बर्फ: आठवड्याला ५ सेशन, प्रत्येकी १५ डॉलर, ४६ आठवडे: ३,४५०
कोच: आठवड्याला अर्ध्या तासाचे ३ लेसन, प्रत्येकी ५० डॉलर, ४४ आठवडे: ६,६००
बूट, ब्लेड, धार: १,०००
पाच स्पर्धा, एंट्री, कोचचे पैसे आणि हॉटेल धरून: ३,०००
कोरिओग्राफी आणि संगीत कापून घेणं: ७००
ड्रेस: २५०
दोन टेस्ट (वरच्या लेव्हलला जायच्या परीक्षा): ३००
संस्था आणि क्लबचं सभासदत्व: २५०
बॅले आणि बर्फाबाहेरचा व्यायाम: १,२००

एकूण १६,७५० डॉलर. यात पेट्रोल नाही, रिंकच्या कॅफेतलं हॉट चॉकलेट नाही, आणि धाकट्याला सांभाळायला ठेवलेल्या मुलीचे पैसेही नाहीत.

आता पहिल्या दोन ओळी बघा. बर्फ आणि कोच मिळून १०,०५०, म्हणजे शंभरातले साठ. मी वर्षभर ड्रेसवर खडे चिकटवून दोनशे डॉलर वाचवल्याचा अभिमान बाळगत होते आणि तिकडे आठवड्याचा तिसरा लेसन वर्षाला २,२०० खात होता. काटकसर डोळ्यांना दिसते तिथे आपण करतो. स्केटिंगमध्ये पैसा मात्र मिनिटामिनिटाने जातो.

पायरी २: कोचशी पैशाचं बोलून घ्या

आपल्याला हे जड जातं. गुरूला "किती घेता, आणि रद्द केलं तर किती?" असं विचारणं आपल्या वळणात बसत नाही. मीही विचारलं नव्हतं. मुलीला ताप आला म्हणून सकाळी सहाला मेसेज केला आणि लेसनचे पूर्ण पैसे भरले, कारण चोवीस तास आधी कळवायचं असा नियम होता आणि तो मला ठाऊकच नव्हता. चूक कोचची नव्हती. इथे कोच बहुतेक वेळा स्वतंत्र व्यावसायिक असतो. रिंकचा पगार त्याला नसतो, आणि त्याचा रिकामा गेलेला अर्धा तास दुसरं कुणी भरून देत नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा रिंकच्या बाकावर बसून हे विचारा आणि उत्तरं नंतर ईमेलवर लिहून घ्या: लेसन किती मिनिटांचा धरता? रद्द करायची मुदत किती? स्पर्धेच्या दिवसाचे किती घेता? बाहेरगावच्या स्पर्धेला तुमचं विमान-हॉटेल सगळ्या मुलांत वाटून घेता का, आणि एखादी मुलगी आयत्या वेळी गळली तर तिचा वाटा कुणाच्या अंगावर? कोरिओग्राफी तुम्हीच करता की दुसऱ्याकडे पाठवता? आणि सगळ्यात महत्त्वाचं: "आमचं वर्षाचं बजेट इतकं आहे. त्यात तुम्ही तिला काय शिकवाल?"

हा शेवटचा प्रश्न विचारताना माझा घसा कोरडा पडला होता. कोचने शांतपणे वही काढली आणि तीन खासगी लेसनच्या जागी दोन, आणि तिसऱ्याऐवजी गटवर्ग, असं मांडून दिलं. वर म्हणाली, "बहुतेक आईवडील हे मला कधी सांगतच नाहीत. एक दिवस नुसते दिसेनासे होतात."

एक जपा: स्वस्त मिळतो म्हणून संस्थेचा सभासद नसलेला, पार्श्वभूमी-तपासणी आणि सेफस्पोर्टचं (मुलांच्या सुरक्षिततेचं) प्रशिक्षण नसलेला माणूस कोच म्हणून लावू नका. तिथे काटकसर नाही. उलट ज्याची रीतसर तपासणी झाली आहे असा तरुण कोच पायाच्या गोष्टींसाठी घ्यायला हरकत नाही. ब्लेडच्या कडांवरचा तोल आणि गिरक्यांची सुरुवात त्याच्याकडे, उड्या मुख्य कोचकडे. दर बराच कमी पडतो.

लेसन आणि सरावाचं प्रमाणही बघा. दोन लेसनमागे तीन-चार सेशन तिने एकटीने सराव केला पाहिजे. कोच उभी असल्याशिवाय मुलगी सराव करत नसेल, तर तुम्ही शिकवण्याचे नाही, राखण करण्याचे पैसे देताय.

पायरी ३: बर्फ घाऊक घ्या

ऐनवेळी जाऊन पैसे भरले की फ्रीस्टाइल सेशन, म्हणजे फिगर स्केटिंगच्या सरावाची वेळ, महाग पडतं. महिन्याचं किंवा हंगामाचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं की तेच स्वस्त. पण कॉन्ट्रॅक्टचे चुकलेले दिवस सहसा परत मिळत नाहीत, म्हणून परीक्षा, डिसेंबरची भारतवारी आणि मंडळाचं नाटक कॅलेंडरवर टाकून मगच किती घ्यायचं ते ठरवा. हमखास जाणार ते दिवस कॉन्ट्रॅक्टवर, उरलेले सुटे.

खासगी रिंकखेरीज काउंटीचं किंवा गावाचं रिंक आहे का तेही बघा. मॉरिसटाउनचं मेनन अरीना मॉरिस काउंटीचा पार्क विभाग चालवतो. अशा ठिकाणी त्या काउंटीच्या रहिवाशांना वेगळा दर आहे का, हे फोन करून विचारायला काही लागत नाही. पहाटेची सेशन रिकामी असतात, म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त बर्फ वाट्याला येतो. माझे सासरे सहा महिने आले होते तेव्हा माकडटोपी घालून पहाटे साडेपाचला नातीला सोडायला सोबत यायचे आणि "एवढ्या थंडीत पैसे देऊन आणखी थंडीत जायचं" यावर रोज नव्याने हसायचे.

पायरी ४: बूट

इथे जरा थांबते, कारण बुटांच्या दुकानात आमचे सर्वांत मूर्खपणाने पैसे गेले.

बूट आणि ब्लेड या दोन वेगळ्या वस्तू असतात हे आधी डोक्यात घ्या. सुरुवातीच्या बुटाला ब्लेड जोडलेलंच येतं आणि दीडशे-दोनशे डॉलरमध्ये काम होतं. मुलगी उड्या मारायला लागली की दोन्ही वेगवेगळे घ्यायचे: जॅक्सन, रीडेल, इडिया, रिस्पोर्ट असे बूट, आणि जॉन विल्सन, एमके किंवा पॅरामाउंटसारखं ब्लेड. दोन्ही मिळून हजाराच्या घरात सहज जातं.

पहिली चूक: "पुढे लागणारच आहे" म्हणून जास्त कडक बूट घेणं. बुटाचा कडकपणा उडीच्या ताकदीप्रमाणे घ्यायचा असतो. एकच फेरी घेणाऱ्या मुलीला दुहेरी-तिहेरी उड्यांचा बूट घातला तर तिचा घोटा वाकत नाही, गुडघा नीट बसत नाही आणि शिकणं मागे पडतं. महागाचा बूट घेऊन प्रगती विकत घेतल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात उलटं होतं.

दुसरी चूक: दोन नंबर मोठा घेणं. शाळेच्या बुटात पुढे कापूस कोंबून आपण वाढलो. इथे ते चालत नाही. टाच आत हलली की घोटा मुरगळतो, बूट लवकर मोडतो. वाढीला किती जागा सोडायची ते बसवून देणाऱ्या जाणकारावर सोडा.

तिसरी चूक आमची खास. धार लावायला नेहमीच्या माणसाकडे गर्दी होती म्हणून मी हॉकीचे स्केट्स करणाऱ्या एका दुकानात दिले. फिगरच्या ब्लेडला पुढे दाते असतात. त्यातला सगळ्यात खालचा दाता उडी आणि गिरकीसाठी अचूक उंचीवर लागतो. त्या माणसाने ब्लेड सरळ यंत्रावरून नेलं आणि तो दाता घासून टाकला. वीस डॉलरच्या धारेत साडेतीनशेचं ब्लेड गेलं. तेव्हापासून फिगर स्केट्सची सवय असलेला माणूस, चाळीस मिनिटांवर का असेना. साधारण वीस ते तीस तासांच्या स्केटिंगनंतर धार लागते. सेशनची नोंद वहीत असली की तारीख आपोआप कळते.

आता वाचवायचं कसं. बुटापेक्षा ब्लेड जास्त टिकतं. नवा बूट थोडाच मोठा असेल तर जुनं ब्लेड त्यावर बसतं. दर वेळी जोडी घ्यायची गरज नाही. क्लबमध्ये मोठ्या मुलींचे बूट विकायला असतात. वापरलेला बूट दुसऱ्याच्या पायाच्या आकाराचा झालेला असतो, म्हणून जेमतेम काही महिने वापरून पाय वाढल्यामुळे निघालेलाच घ्या, आणि घोट्याशी खोल घडी पडली असेल तर फुकटसुद्धा नको. ऑलिम्पिक विजेता नेथन चेन लहानपणी बहिणीच्या पांढऱ्या स्केट्सवर शिकला. मुलांचे काळे असतात या नियमापायी त्याच्या घरच्यांनी जास्तीचे पैसे मोजले नाहीत.

आणि ब्लेड पुसा. रिंकवर एकदा, घरी आल्यावर पुन्हा. नंतर कापडी कव्हर. प्लास्टिकची कडक कव्हरं चालण्यापुरती. ती घालून रात्रभर ठेवलं की गंज.

पायरी ५: लेव्हल घाईने चढू नका

टेस्ट पास झाली की आनंद होतो, पेढेही वाटले जातात. पण फ्री स्केटची (उड्या-गिरक्यांच्या सादरीकरणाची) टेस्ट पास झाली की साधारणपणे त्याखालच्या लेव्हलला उतरता येत नाही. वरच्या लेव्हलला जास्त लांबीचा प्रोग्रॅम (संगीतावर बसवलेलं सादरीकरण), म्हणजे नवी कोरिओग्राफी, अवघड उड्या, म्हणजे जास्त लेसन. खर्च हळूहळू चढत नाही, जिन्याने चढतो. पुढच्या पायरीच्या पैशांची सोय दिसत नसेल तर आहे त्या लेव्हलवर आणखी एक वर्ष काढा. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या वर्षी वापरा. मुलीला तो अंगवळणी पडतो आणि गुणही बरे येतात.

ॲक्सल ही दीड फेरीची उडी हा पहिला मोठा जिना. कुणाला सहा महिन्यांत येते, कुणाला दोन वर्षं. नेमकं याच काळात आईवडील घाबरून लेसन वाढवतात. उडी बऱ्याचदा पैशाने लवकर येत नाही. बर्फाबाहेर अंगणात दोरीच्या उड्या आणि फिरक्यांचा सराव फुकट असतो.

याच राष्ट्रीय संस्थेत कमी खर्चाच्या वाटाही आहेत, त्या कोच आपणहून सांगेलच असं नाही. 'एक्सेल' स्पर्धांत उड्यांवर मर्यादा असते. 'सोलो डान्स'मध्ये उड्यांच्या शर्यतीत उतरावंच लागत नाही. आणि टेस्टची वाट आहे: स्पर्धा न खेळता 'स्केटिंग स्किल्स'च्या टेस्ट देत गेलं आणि सर्वांत वरची पास झाली की मुलीला अधिकृतपणे गोल्ड मेडलिस्ट म्हणतात. कॉलेजच्या अर्जात लिहायला हे उत्तम, आणि खर्च स्पर्धेच्या तुलनेत कितीतरी कमी.

कॉलेजचं निघालंच आहे तर सांगून टाकते. "पुढे स्कॉलरशिप मिळेल की" हे वाक्य मी दहा वेळा ऐकलंय. फिगर स्केटिंग एनसीएएचा (कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा) खेळ नाही. टेनिस-पोहण्यासारख्या क्रीडा शिष्यवृत्त्या इथे नाहीत. ओहायोतल्या मायामी विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी सिंक्रोनाइज्ड स्केटिंगचा (गटाने मिळून करायच्या स्केटिंगचा) विद्यापीठाचा संघ आहे, एवढंच. हा खर्च गुंतवणूक म्हणून वहीत टाकू नका. भारताकडून खेळवायचं स्वप्नही काहीजण बोलून दाखवतात. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद भारताकडून खेळते हे खरं, पण एकेरीत देशाचं नागरिकत्व लागतं आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

पायरी ६: स्पर्धा आणि ड्रेस

भरतनाट्यमचं अरंगेत्रम एकदाच होतं. स्केटिंगचं दर सहा आठवड्यांनी. पाच स्पर्धांऐवजी तीन निवडा आणि तिन्ही गाडीने जाऊन रात्री घरी परतता येईल अशा. हॉटेल गेलं की अर्धा खर्च गेला.

ड्रेस क्लबातून वापरलेला घ्या. ठाण्याच्या शिंप्याकडून शिवून आणायचा प्रयोग मी केलाय: काम सुरेख होतं, पण कापड एकाच दिशेला ताणणारं निघालं आणि पहिल्याच स्पिनला काखेत उसवलं. चारी बाजूंनी ताणणारं कापड इथून पाठवणार असाल तरच तो मार्ग. खडे चांगल्या गोंदाने लावा. ड्रेसचा तुकडा बर्फावर पडला तर गुण कापले जाऊ शकतात.

आतापर्यंतचं सगळं त्या नमुन्याला लावून बघते. बर्फ कॉन्ट्रॅक्टने १२ डॉलरला: २,७६०. दोन लेसन: ४,४००. गटवर्ग: १,१००. बूट-ब्लेड तेच: १,०००. तीन जवळच्या स्पर्धा: १,०००. जुनाच प्रोग्रॅम: शून्य. वापरलेला ड्रेस: १००. टेस्ट ३००, सभासदत्व २५०, व्यायाम घरी आणि बॅलेचा एकच वर्ग: ४००. बेरीज ११,३१०. मुलीचा बर्फावरचा एकही दिवस कमी न होता ५,४४० वाचले.

पायरी ७: दुसऱ्यांचे पैसे

शिष्यवृत्त्या आहेत. १५ फेब्रुवारी १९६१ला प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा अख्खा संघ ब्रसेल्सजवळ विमान अपघातात गेला. त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेला मेमोरियल फंड आजही स्केटर्सना मदत करतो. मायकेल वाइस फाउंडेशन आहे. नेथन चेनची आई त्याला सॉल्ट लेक सिटीहून कॅलिफोर्नियाला गाडी चालवत कोचकडे न्यायची, त्या काळात या फाउंडेशनने त्याला हात दिला होता. न्यूयॉर्कमध्ये १९९७पासून 'फिगर स्केटिंग इन हार्लेम' मुलींना अभ्यासासकट स्केटिंग शिकवतं. मात्र मोठे फंड बहुतेक वरच्या लेव्हलच्या निकालांवर मिळतात. नऊ वर्षांच्या मुलीसाठी तुमच्या क्लबचा छोटा फंड जास्त कामाचा. तिथे अर्ज करायला लाजू नका.

आयटीत असाल तर कंपनीच्या पोर्टलवर शोधा: बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने केलेल्या स्वयंसेवेच्या तासांमागे त्या संस्थेला देणगी देतात. क्लबच्या स्पर्धेत दिवसभर संगीत लावत बसा, तास नोंदवा, पैसे क्लबला मिळतात. क्लबला, तुमच्या मुलीच्या खात्यात नाही. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबने पालकांनी जमवलेला निधी ज्याच्या-त्याच्या मुलाच्या फीत वळता केला. २०१३मध्ये टॅक्स कोर्टाने त्याची करमाफी काढून घेणं योग्य ठरवलं. तेव्हा "तुम्ही जमवाल ते तुमच्याच मुलीला" असं कुठला क्लब सांगत असेल तर सावध राहा.

करातली एक कायदेशीर सवलत बहुतेकांना ठाऊक नसते. मूल तेरा वर्षांखालचं असेल आणि दोघंही पालक नोकरी करत असाल, तर उन्हाळ्यातला दिवसाचा स्केटिंग कॅम्प डिपेंडंट केअर एफएसएमधून, म्हणजे मुलांच्या देखभालीसाठी पगारातून करमुक्त बाजूला काढलेल्या पैशांतून, भरता येतो. २०२६पासून मर्यादा घरटी ७,५०० डॉलर आहे, आधी ५,००० होती. निवासी कॅम्प चालत नाही, नेहमीचे लेसन चालत नाहीत. दुखापतीनंतरची फिजिओथेरपी वैद्यकीय एफएसए किंवा एचएसए या करमुक्त खात्यांमधून.

पायरी ८: ज्याला हात लावायचा नाही ते आधी लिहून ठेवा

निवृत्तीचा ४०१के. मुलांच्या शिक्षणाचा ५२९ फंड, स्केटिंगसाठी काढला तर वाढीव रकमेवर कर आणि वर दहा टक्के दंड. घरावरचं कर्ज. भारतात आईवडिलांच्या औषधपाण्याला पाठवायची रक्कम. आणि धाकट्या भावंडाचा वाटा.

जगज्जेती स्केटर मिशेल क्वानच्या आईवडिलांनी तिच्यासाठी घर विकलं, ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. पैसे तरीही पुरले नाहीत. लॉस एंजेलिसच्या तिच्या क्लबमधून मदत मिळाली म्हणून तिचं शिक्षण पुढे चाललं, हा भाग कमी सांगतात. घर विकून ज्यांच्या मुली कुठे पोचल्या नाहीत, त्यांचं तर कुणी काहीच लिहीत नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आणखी दोन गोष्टी. एका पगारावर घर असेल तर तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट सही करू नका. ले-ऑफनंतर साठ दिवसांत सगळं आवरावं लागू शकतं. आणि मोठ्या मुली लहानांच्या वर्गात मदतनीस म्हणून पैसे मिळवतात ते पाहून आपल्या एच-४वरच्या (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलीला त्यात घालू नका. तिला कामाची परवानगी नाही.

पायरी ९: मुलीला आकडा सांगा

दहाव्या वाढदिवसानंतर आम्ही तिला वही दाखवली. मला वाटलं होतं रडेल. तिने लेसनच्या ओळीवर बोट ठेवून मिनिटाचा भाव काढला आणि दुसऱ्या दिवशी कोचच्या आधी दहा मिनिटं बर्फावर उतरून अंग मोकळं करून ठेवलं. "आपल्याला परवडत नाही" असं मात्र म्हणू नका, ते तिच्या मानेवर बसतं. "या वर्षाला इतके आहेत, यातून तुला काय हवं?" असं विचारा. आमच्या मुलीने नवा ड्रेस सोडला आणि उन्हाळी कॅम्प ठेवला.

पायरी १०: थांबायचं झालं तर

दर मे महिन्यात, कॉन्ट्रॅक्ट नव्याने भरायच्या आधी, तिला विचारा. स्पर्धेनंतरच्या संध्याकाळी कधीच नाही. तेव्हा हो किंवा नाही दोन्ही खोटं असतं. थांबायचं ठरलं तर कोचला समोर भेटून सांगा आणि महिन्याचे लेसन पूर्ण करा. भरलेलं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या पालकाला देता येतं का ते रिंकला विचारा. ड्रेस सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, ऑगस्ट-सप्टेंबरात विका. बूट आणि ब्लेड वेगळे करून विका, एकत्र नाही. ब्लेडला बुटापेक्षा जास्त गिऱ्हाईक असतं. जाहिरातीत ब्लेडचा बाजूने काढलेला फोटो टाका, म्हणजे धार लावायला अजून किती धातू शिल्लक आहे ते घेणाऱ्याला दिसेल.